नव्या माणसाचे जिभाऊ

नाशिकच्या सिडकोतल्या गल्ल्या टेम्पो वळेल अशा बेतानं आखलेल्याच नाहीत. सहा योजनांतली ती बुटकी घरं बसवताना एका ओट्यावरून समोरच्या ओट्यावर विरजणाची वाटी देता यावी, एवढाच हिशेब धरलेला दिसतो. पुढं ज्यानं त्यानं वर मजला चढवला, बाहेरून लोखंडी जिना सोडला आणि वरची खोली अंबडच्या नाहीतर सातपूरच्या कंपनीत लागलेल्या नव्या माणसाला भाड्यानं दिली. त्यामुळं गल्ली अरुंद आणि सामानाच्या टेम्पोंची ये-जा मात्र बारमाही. टेम्पो मागं घ्यायला ड्रायव्हर मान वळवतो न वळवतो तोच पाठीमागून आवाज येतो, "येऊ द्या, येऊ द्या... डावीकडं घ्या... अजून... बास!"

हे जिभाऊ. त्यांना कुणी बोलावलेलं नसतं. घरमालक दुपारची झोप काढत असतो, भाडेकरूची बायको शेगडी मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर अवघडून बसलेली असते, आणि जिभाऊ पायजमा खोचून, गादीचं एक टोक धरून जिना चढायला लागलेले असतात. बागलाणाकडं थोरल्या भावाला जिभाऊ म्हणतात; त्यांचं खरं नाव काय ते बहुधा वीजबिलालाच ठाऊक. अंबडच्या एका कारखान्यात मशीनवर उभं राहून उमेदीची वर्षं काढली, निवृत्त झाले आणि आता पूर्ण वेळ नव्या माणसांचं काम बघतात.

माणूस कुठून आला हे ते विचारत नाहीत, सामान बघून सांगतात. निळे ड्रम उतरले की मनमाड. तिथल्या नळाला पाणी किती दिवसांआड येतं ते ड्रम मोजून कळतं, असं त्यांचं म्हणणं. भरताची वांगी ठेचायची लाकडी बडगी दिसली की जळगाव. खोबरं खवायची विळी फडक्यात गुंडाळलेली असेल तर कोकण. आणि लोखंडी स्टँडसकट कूलर उतरला की विदर्भ. त्याला जिभाऊंचं पहिलं वाक्य ठरलेलं, "हा विकून टाका. नाशिकची हवा आहे ही." एप्रिलात पारा चाळिशीला टेकतो तेव्हा तो विदर्भवाला मनात काय म्हणत असेल ते असो, जिभाऊ गच्चीवर उघड्या अंगानं पंचा हलवत सांगत असतात, "रात्री बघा, पांघरूण लागेल."

माझ्या टेम्पोतून चादरींचं गाठोडं निघालं आणि मी खाली उतरायच्या आतच माझं बारसं झालं. "या, सोलापूरकर."

पहिल्या आठवड्यात माणसाला जे जे लागतं ते सगळं जिभाऊंच्या खिशात असतं. दूधवाला, सिलिंडरवाला, डब्याच्या मावशी, पाणी किती वाजता येतं आणि किती वाजता येतं असं महापालिका म्हणते, पवननगरच्या भाजीबाजारात कुठल्या तोंडानं शिरायचं. माणूस वाचणारा दिसला तर १८४० सालापासून चालत आलेल्या सार्वजनिक वाचनालयाचा अर्ज. पोरगं दहावीत असेल तर क्लासची चौकशी. नवरा-बायकोचं फारसं पटत नाही असा वास आला तर काळारामाच्या आरतीची वेळ. याबदली हा माणूस काहीतरी मागणार, या खात्रीनं मी बरेच दिवस दबकून होतो. विम्याची पॉलिसी काढेल, पतसंस्थेत खातं उघडायला लावेल, निदान सप्ताहाची वर्गणी तरी. काही नाही. चहासुद्धा अर्धाच घेतात.

पहिला रविवार पांडवलेण्याचा. पायथ्याशी दादासाहेब फाळक्यांचं स्मारक आहे. तिथं जिभाऊ गाडी लावतात आणि हे फाळके आपल्या त्र्यंबकचे, असं जावयाची ओळख करून द्यावी तसं सांगतात. मग पायऱ्या. वर चोवीस लेणी आहेत, पण जिभाऊ आत शिरत नाहीत. खरं म्हणजे त्यांनी शिरायला हवं. दहाव्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात यानं कोरून ठेवलंय, की गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडं तीन हजार कार्षापण ठेव म्हणून ठेवले आणि त्याच्या व्याजातून इथं पावसाळ्याला येऊन राहणाऱ्या भिक्षूंच्या कपडालत्त्याची सोय केली. म्हणजे बाहेरून येऊन उतरणाऱ्याची व्यवस्था बघायचा या गावचा नाद जवळजवळ दोन हजार वर्षांचा आहे. जिभाऊ मात्र लेण्यांकडं पाठ करून उभे राहतात आणि खालचं शहर वाटणीला आल्यासारखं दाखवतात. "तो हायवे. ते अंबड. ती पांढरी टाकी दिसते? तिच्यामागं तुमचं घर." घर कुणालाच दिसत नाही, पण सगळे हो म्हणतात. लगेच ठरलेला विनोद येतो: नोटा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापतात, पण सिडकोत पोचेपर्यंत त्यांची चिल्लर होते. हा विनोद ते त्याच दगडावर उभं राहून करतात. दुसरीकडं कुठं तो मी त्यांच्या तोंडून ऐकलेला नाही.

उतरल्यावर मिसळ. कुठली, हे माणूस बघून. कोल्हापूरच्या माणसाला ते मुद्दाम काळ्या मसाल्याच्या मिसळीकडं नेतात आणि तो "पण आमच्याकडं..." म्हणाला की पापड मोडून त्याच्या ताटलीत टाकतात. गंगापूर रोडच्या पुढं मळ्यात झोपाळे टांगून, बैलगाडी उभी करून मिसळ देतात, त्याला ते मिसळ मानत नाहीत. "ती सहल. मिसळ खायला बाकडं लागतं, आणि आपण कधी उठतो याची वाट बघत मागं उभा असलेला माणूस लागतो." वर जिलबी. जिलबीचे पैसे नव्या माणसाकडून घ्यायचे नाहीत, हा नियम.

नाशिक शहर जिभाऊंना या कामी फार मदत करतं. ठक्कर बाजारात खरेदीला म्हणून पिशवी घेऊन जावं तर तिथं एसटीच्या गाड्या लागलेल्या असतात. गोल्फ क्लबवर लोक पळतात, पतंग उडवतात, सभा घेतात. गोल्फ सोडून सगळं चालतं, आणि पाटीवर नाव असतं हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. मायको कंपनीचं नाव बॉश होऊन किती काळ लोटला, चौक मायको सर्कलच राहिला. कॅनडा कॉर्नरला कॅनडाचं काही नाही. असा एकेक नवा माणूस रस्ता चुकून घरी परतला आणि "जिभाऊ, अहो मी तर..." म्हणायला लागला की जिभाऊंच्या चेहऱ्यावर एक तृप्ती पसरते. ते त्याला हसत नाहीत. तो चुकला, म्हणजे अजून ताजा आहे, याचा तो आनंद असतो.

सणावारांचा अभ्यासक्रमही ठरलेला. मे महिन्यात बायको माहेरी गेलेल्या नव्या माणसाला गोदाघाटावर वसंत व्याख्यानमालेला न्यायचं; वक्ता कोण याला महत्त्व नाही, घाटावर वारा कुठून येतो ते दाखवायचं. होळीच्या दुसऱ्या दिवशी मुंबईहून आलेला एखादा हमखास पिचकारी भरून खाली उतरतो आणि गल्लीत इस्त्रीचे कपडे घालून कामाला निघालेली माणसं बघून ओशाळतो. त्याला जिभाऊ पाच दिवस थांबायला सांगतात. रंगपंचमीला जुन्या नाशकात पेशवाईतल्या रहाडी उघडतात. शनी चौक, तिवंधा, दिल्ली दरवाजा. जमिनीखालचे दगडी हौद, रंगीत पाण्यानं काठोकाठ भरलेले. तिथं काठावरून उडी टाकायची, याला धप्पा म्हणतात. नवा माणूस काठावर उभा राहून "पाणी खोल आहे का हो?" असं विचारत असतानाच जिभाऊ त्याचं उत्तर त्याला पाण्यात पाठवून देतात. कानामागचा रंग आठवडाभर जात नाही. कंपनीत गेलं की साहेब विचारतो, "जिभाऊ का?" साहेबही कधीतरी सिडकोतच भाड्यानं राहिलेला असतो.

आता एवढं वाचून कुणाला वाटेल, की माणूस म्हणजे देवमाणूस. थांबा.

एके दिवशी आम्ही नेहमीच्या बाकड्यावर बसलो होतो. तर्रीचा पहिला घास घेऊन मी सहज बोलून गेलो, "जिभाऊ, इथली मिसळ आता पूर्वीसारखी राहिली नाही." जिभाऊंचा पाव हातातच राहिला. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की आपल्या तोंडून शिवी गेली की काय, असं मला वाटलं. जिलबी आली. पैसे मी दिले. ते नको म्हणाले नाहीत.

त्यानंतर रविवारी हाक यायची बंद झाली. भेटले की बोलायचे, पण गावच्या माणसाशी बोलावं तसं. पाऊस, खड्डे, द्वारका चौकातला जाम. मी गाडी घेतली तेव्हा नारळ घेऊन आले. नंबरप्लेटवरून हात फिरवला. "एमएच पंधरा. छान." जुन्या स्कूटरवरचं एमएच तेरा बघून हाच माणूस मला सिग्नलला धीर द्यायचा, की पोलिसानं अडवलं तर माझं नाव सांगा. आता म्हणाले, "तुम्हाला काय, सगळं ठाऊक आहे." ते निरोपाचं वाक्य होतं, हे मला नांदेडकरानं नंतर समजावलं.

नांदेडकर माझ्या आधीच्या बॅचचा. बॅचा आहेत. त्रिमूर्ती चौकाजवळच्या चहाच्या गाड्यावर संध्याकाळी जे पाच-सात जण उभे असतात, ते सगळे जिभाऊंनी सोडून दिलेले. ओळख करून घेतानाच विचारतात, "तुम्ही कितीचे?" कुणी सोळाचा, कुणी अठराचा. २०१५च्या सिंहस्थात आलेला एक लातूरकर आहे, तो स्वतःला कुंभाच्या बॅचचा म्हणवतो आणि त्याबद्दल जास्तीची एक खारी घेतो. नाशकात माझे जे कोणी मित्र झाले ते हेच. जिभाऊंनीच कधीतरी एकमेकांच्या जिन्यात आम्हाला भेटवलं होतं. पुढं प्रत्येकाला वाऱ्यावर सोडल्यावर आम्हाला बोलायला दुसरा विषयही नव्हता. एकाच मास्तराचा मार खाल्लेली पोरं मोठेपणी एकत्र बसतात, तसे आम्ही बसतो. नांदेडकर तर अजूनही दर महिन्याला जिभाऊंना गाठून विचारतो, "जिभाऊ, हे सारडा सर्कल नेमकं कुठं आलं?" आणि एक जिलबी कमावून येतो. आम्हाला हा प्रकार अप्रामाणिक वाटतो. सुचला आधी त्याला, ही खरी अडचण.

वहिनींना, म्हणजे जिभाऊंच्या मंडळींना, मी एकदा यावरून छेडलं. त्या पोहे निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "यांना पाहुणा चालतो भाऊ, शेजारी चालत नाही. आमच्या लग्नात पण पहिलं वरीसच काय ते गोडीचं. मला पवननगरचा रस्ता सापडायला लागला तशी यांची गोडी गेली."

२०२०च्या उन्हाळ्यात टेम्पो थांबले. गल्लीत कुणी येईना. मुंबई-आग्रा हायवेवरून मात्र माणसांच्या रांगा चालल्या होत्या, डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं, तोंडं उत्तरेकडं. जिभाऊ पाण्याच्या बाटल्या आणि केळी घेऊन पाथर्डी फाट्यापाशी उभे राहायचे. सवयीनं बोचक्यांकडं बघून कोण कुठला ते ओळखायचा प्रयत्न करायचे. जमायचं नाही. सगळ्यांचं सामान सारखंच होतं. "राहा की दोन दिवस, सोय करतो," म्हणायचे. बाटली घेऊन माणूस पुढं. त्या दिवसांत ते बऱ्याच काळानं आपण होऊन आमच्या गच्चीखाली आले आणि मला म्हणाले, "काही लागतं का, सोलापूरकर?" काही लागत नव्हतं. तरी मी दूध कुठं मिळेल ते विचारलं.

पुढं टेम्पो सुरू झाले आणि मी पुन्हा जुना झालो.

अलीकडेच त्यांच्या धाकट्याला हिंजवडीत नोकरी लागली. या वेळी टेम्पो उलट दिशेनं भरला आणि जिभाऊ ड्रायव्हरशेजारी बसून गेले. दोन दिवसांत परत आले ते थेट माझ्याकडं. मी इंजिनिअरिंगला पुण्यात होतो, हे त्यांना कुठून तरी आठवलं होतं. त्यांनी सांगितलेलं एवढंच: सोसायटीच्या गेटवर वॉचमननं फोटो काढला, टेम्पो मागं घेताना ते "येऊ द्या" म्हणाले तर ड्रायव्हरनं मागचा कॅमेरा दाखवला, आणि लिफ्टमध्ये तीन माणसं होती, तिघांनी मोबाइलमध्ये तोंड घातलेलं. "काबरं हो असं?" असं विचारून त्यांनी खिशातून डायरी काढली. "आता सांगा. भाजी कुठं घ्यायची?"

खोटं कशाला बोलू, माझ्या अंगात काहीतरी संचारलं. वाकडच्या पुलावर किती वाजता जायचं नाही, मंडईत कुठल्या बाजूनं शिरायचं, सिंहगडावर पिठलं-भाकरी कुठं खायची, सगळं सांगितलं. पुढचे काही रविवार ते येत राहिले. ते चुकीच्या बसमध्ये बसून निगडीला पोचले, हे त्यांनी सांगितलं तेव्हा मला जो आनंद झाला तो मी लपवला. जिलबी मीच आणायला लागलो. पैसे अर्थातच मी देत होतो.

परवा ते दुसऱ्यांदा पुण्याला जाऊन आले. मी बेडेकरांच्या मिसळीपासून सुरुवात करायच्या तयारीत होतो. जिभाऊंनी हात वर करून मला थांबवलं.

"ऱ्हाऊ द्या. पुणं आता पूर्वीसारखं राहिलं नाही."

"पूर्वी म्हणजे केव्हा?"

"मागच्या महिन्यात गेलो होतो ना," जिभाऊ म्हणाले, "तेव्हा."