फ्लो सुटला!

जयनगरला काकांकडे गेल्यावर हातात गरम काही घेऊन बसू नये, हे मी फार उशिरा शिकलो. कॉफी आली की वाफ येते आणि वाफ दिसली की काका येतात. "बघ, किती शहाण्यासारखी सरळ चाललीय... आणि इथे सुटली! गोत्तायता? कळलं का?" मला गोत्त होईस्तोवर कॉफीवर साय धरलेली असते.

काका मूळचे सांगलीचे. उमेदीची सगळी वर्षं बंगळूरच्या एनएएल या विमान-संशोधन संस्थेत, वाऱ्याच्या बोगद्यापाशी गेली. तिकडे विंड टनेल रोड नावाचा रस्ताच आहे, त्याचं नाव ते कुलदैवताच्या गावासारखं घेतात. निवृत्त झाले, पण वारा सुटला नाही. संध्याकाळी चौथ्या ब्लॉकच्या कॉम्प्लेक्सला भाजी आणायला पाठवावं, तर हे कोपऱ्यावर उभे. गर्दी भिंतीला धरून येते, वळणावर सुटते आणि शेंगांच्या गाडीपाशी तिचा भोवरा होतो. "सेपरेशन!" म्हणत काका आनंदाने शेंगाच घेऊन येतात. मेथी राहते. पुतण्याचं अभ्यासातलं लक्ष उडालं, मालिका भरकटली, जावयाने नोकरी सोडली, सगळ्यावर एकच निदान: "फ्लो सुटला."

प्राचीन विद्येने उडाल्याचं सांगतात त्या तळपद्यांच्या विमानाचा विषय काकांसमोर काढू नये. आयआयएस्सीतल्या पाच जणांनी 1974 साली 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथातली विमानं तपासून ती उडणं शक्य नाही असं लिहिलं, तो निबंध कपाटातून बाहेर येतो आणि जेवण तासभर लांबतं.

सध्याचं वेड म्हणजे झुलता झोत. पंखाची मागची फळी फार खाली ओढली की वरची हवा दमते, पृष्ठभाग सोडते. नेमक्या तिथे बारीक झोत सोडायचे, तेही डावी-उजवीकडे झुलणारे, म्हणजे थोड्या हवेत जास्त रुंदी सांभाळली जाते. हे पटवायला त्यांनी शेजाऱ्यांची नवी गाडी वापरली. काच धुणारा फवारा उडवला. "पसरलेला दिसतो ना? पसरत नाहीये, झुलतोय! तुझा डोळा मंद आहे. आणि आत एकही भाग हलत नाही." धार एका भिंतीला चिकटते, तिच्यातलंच थोडं पाणी बाजूच्या वाटेने मागे येऊन तिला पलीकडे ढकलतं, तिकडे गेली की परत इकडे. "तुझ्या काकूसारखं. बाहेर जा म्हणते, दारात पोचलो की आत या म्हणते. मी झुलतो, ती जागची हलत नाही." त्या दिवशी शेजाऱ्यांची काच अख्ख्या जयनगरात लखलखीत होती. टाकी कोरडी.

काकूशी खरं भांडण मात्र शेपटीवरून. विमानाची उभी शेपटी एवढी मोठी का? तर उड्डाणाच्या वेळी एक इंजिन बंद पडलं तर विमान सरळ ठेवायला. म्हणजे एका वाईट दिवसासाठी जन्मभर वजन वाहायचं. 2015 साली बोइंग आणि नासाने एका 757च्या शेपटीवर असे 31 झोत बसवून उडवले. सुकाणू पूर्ण वळवल्यावर बाजूचा जोर 13 ते 16 टक्के वाढला. म्हणजे शेपटी लहान चालेल! एवढं बोलून काकांनी माळ्याकडे बोट केलं. "तुझं ते पितळी पातेलं तसंच. गणपतीच्या एका दिवसासाठी वर्षभर माळा अडवतंय."

"मग चाळीस माणसांचं वरण कशात करू? लहान पातेल्यात करून तुम्ही फुंकर घालणार?"

काकांचा फ्लो तिथे सुटला.

गणपतीला पातेलं उतरवायला स्टुलावर चढले तेही काकाच. आरती झाली, पंगत बसली. वरणाच्या वाफेकडे बघत काका बोलायला तोंड उघडणार, एवढ्यात पळी हवेत धरून काकूने विचारलं, "किती टक्के लहान करू?"

काकांनी वाटी पुढे केली. "आधी वाढ."