तासभर आधीचा माणूस

टोरांटोला खेटून असलेल्या ब्रॅम्प्टन आणि मिसिसागात गल्लोगल्ली ट्रकिंग कंपन्या आहेत आणि दर कंपनीत एक मॅनिफेस्टवाले काका आहेत. ते पंजाबी असू शकतात, गुजराती असू शकतात. पण माझ्या पाहण्यातला सगळ्यांत अस्सल नमुना मराठी आहे. यात नवल नाही. या कामाला तीन गुण लागतात: दुसऱ्यावर अविश्वास, स्वतःवर त्याहून जास्त अविश्वास आणि ‘मी तेव्हाच सांगितलं होतं’ हे वाक्य म्हणण्याची उपजत हौस. हा माल आपल्याकडे मुबलक.

काकांची जागा ऑफिसात सगळ्यांत मागे, प्रिंटर आणि वॉशरूम यांच्या मधोमध. एसीचा झोत नेमका त्यांच्या टकलावर, त्यामुळे भर जुलैत अंगात स्वेटर. समोर दोन स्क्रीन, त्यांच्यामध्ये बोटभर उंचीचा गणपती आणि भिंतीवर त्यांनी स्वतः छापून चिकटवलेली सूचना: ‘पेपर पाठवल्याशिवाय निघू नये. निघाल्यावर पेपर पाठवू नयेत.’ ती मराठीत आहे. ड्रायव्हर सगळे पंजाबी. काकांच्या मते इंग्रजीतही ती कोणी वाचली नसतीच, मग निदान आपलं शुद्धलेखन तरी राहावं.

काम म्हटलं तर एका ओळीचं. अमेरिकेत शिरणाऱ्या मालट्रकची सगळी कुंडली, तो सीमेवर पोचण्याच्या किमान एक तास आधी, अमेरिकी कस्टम्सच्या संगणकात गेली पाहिजे. ट्रकचा नंबर, ट्रेलरचा नंबर, ड्रायव्हरचं नाव, जन्मतारीख, पासपोर्ट, माल काय, नग किती, कोणाकडून कोणाकडे. याचं नाव ई-मॅनिफेस्ट. ‘फास्ट’ योजनेतल्या तपासून घेतलेल्या मंडळींना अर्ध्या तासावर सूट मिळते, बाकीच्यांना पुरा तास. सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेने न सांगता येणाऱ्यांची धास्ती घेतली, २००२ मध्ये कायदा केला आणि २००७ पासून एकेक नाका करत तो ट्रकवाल्यांच्या मानगुटीवर बसवला. चुकलात तर पहिल्या वेळेला ५,००० डॉलरपर्यंत दंड, पुढच्या प्रत्येक वेळेला १०,००० पर्यंत. “अमेरिकन डॉलर,” हे काका पुढे सावकाश जोडतात, म्हणजे ऐकणाऱ्याला मनात कॅनडियन डॉलर करायला वेळ मिळतो.

काका मूळचे मुलुंडचे. लहानपण जकातनाक्यावरच्या ट्रकांच्या रांगा बघण्यात गेलं. तिथली रीत सरळ होती. ट्रक आधी यायचा, मग थांबायचा, मग ड्रायव्हर खाली उतरून बिडी शिलगावायचा आणि मग आत काय आहे याची चर्चा सुरू व्हायची. ती कशी संपायची ते मुलुंडकरांना सांगायला नको. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि मुंबईची जकात गेली. काका त्याच्या बरेच आधी कॅनडात आले होते. इथे त्यांना कळलं की सुधारलेल्या देशांत चर्चा आधी होते आणि ट्रक मागाहून येतो. या एका गोष्टीवर ते जे भाळले ते आजतागायत.

आता ड्रायव्हरचं तत्त्वज्ञान नेमकं उलटं. त्याच्या लेखी पहिलं काम म्हणजे गाडी हाणणं, कागद काय, होत राहतात. या दोन विचारसरणींची गाठ दिवसातून अनेकदा फोनवर पडते.

“अंकलजी, पेपर भेज दिये. देख लो.”

“कहाँ पहुँचा?”

“टिल्बरी आनेवाला है.”

काका खुर्चीतून अर्धे उठतात. ४०१ हायवेवरच्या टिल्बरीपासून डेट्रॉइटचा अँबॅसॅडर ब्रिज पाऊण तासावर. पाऊण तासात एक तास बसवायचा प्रयत्न आजवर बऱ्याच ड्रायव्हरांनी केला आहे. तो कोणाला साधलेला नाही.

“वहीं रुक! सर्व्हिस सेंटर में जा, चाय पी.”

“चाय तो लंडन में पी ली, अंकलजी.”

“फिर से पी!”

हे लंडन म्हणजे ऑन्टारिओतलं. ड्रायव्हर नाइलाजाने दुसरा चहा घेतो आणि काका व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो उघडतात. फोटोत बिल थोडं आणि अंगठा जास्त. बिलावर पॅप्सचं, म्हणजे कस्टम्ससाठीच्या आगाऊ नंबराचं, बारकोडवालं स्टिकर आहे, पण शेवटचा आकडा ८ आहे की ३ हे त्या अंगठ्यालाच ठाऊक. या आकड्यावर सगळी मदार असते. मॅनिफेस्ट पाठवायचं काकांनी, मालाची एन्ट्री भरायची कस्टम ब्रोकरने, आणि दोघांची सोयरीक जुळते ती फक्त याच नंबरावर. एक आकडा चुकला की नवरा एका मांडवात आणि नवरी दुसऱ्या. काका फोटो मोठा करतात, चष्मा वर करतात, मान वाकडी करतात आणि पुन्हा फोन लावतात. “अंगूठा हटा के भेज.” दुसऱ्या फोटोत अंगठा नसतो, चहाचा कप असतो.

मग ब्रोकर. ब्रोकरच्या फोनवर आधी संगीत लागतं. ते संगीत काकांना इतकं पाठ आहे की ते देवपूजेच्या वेळी गुणगुणतात, असं काकू सांगतात. अखेर एन्ट्री लागते, मॅनिफेस्ट स्वीकारल्याचा शेरा स्क्रीनवर उमटतो, काका घड्याळ बघतात, वर दहा मिनिटं स्वतःच्या मनाची घालतात आणि ड्रायव्हरला सोडतात. “अब जा. धीरे जा.” धीरे जाणं हे अमेरिकेच्या कायद्यात नाही, काकांच्या कायद्यात आहे.

गंमत अशी की काका स्वतः त्या पुलावरून कधीही गेलेले नाहीत. पण १९२९ सालचा तो पूल, त्याच्या अलीकडचे सिग्नल, विंडसरहून डेट्रॉइटला जायचं तर कॅनडातून अमेरिकेत चक्क उत्तरेला जावं लागतं, हे सगळं ते इतक्या अधिकाराने सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, पूल बांधला तेव्हा हे मुकादम असणार. बफेलोचा पीस ब्रिज, सार्नियाचा ब्लू वॉटर ब्रिज, सगळे त्यांना स्क्रीनवरून पाठ. ते प्रवासाला निघतात ते फक्त विमानाने, मुंबईला, आणि विमानतळावर इतक्या लवकर पोचतात की काउंटर उघडणारी मुलगी त्यांच्याच डोळ्यांदेखत कोट काढते.

नियमांच्या पोटातल्या खाचाखोचांवर काकांचं विशेष प्रेम. रिकामा ट्रेलर अमेरिकेत न्यायचा असला तरी मॅनिफेस्ट लागतंच. ‘आपण काहीही आणत नाही’ हेही तासभर आधी कळवावं लागतं. नव्या ड्रायव्हरला हे पटता पटत नाही. “खाली है जी, खाली का क्या भेजना?” काका विचारतात, पूर्ण खाली? हो. काहीच नाही? काहीच नाही. मग मागच्या दाराचा फोटो मागवतात. आत छतापर्यंत लोखंडी रॅक. ड्रायव्हरच्या दृष्टीने रॅकमध्ये माल नाही म्हणजे ट्रेलर खाली. कस्टम्सच्या दृष्टीने रिकामे रॅक, रिकामी पॅलेट्स यांचा वेगळा रकाना आहे आणि तो भरावाच लागतो. रिकामं आणि मोकळं यातला फरक समजायला आपल्याकडे गुरू करावा लागतो. इथे काका फुकट सांगतात.

खाण्यापिण्याचा माल असला की काकांच्या अंगात संचारतं. मिशिगनमधल्या देशी दुकानांना इथून लोणची-पापड निघाले की अन्नखात्याला वेगळी पूर्वसूचना द्यावी लागते आणि रस्त्याने जाणाऱ्या मालाला ती दोन तास आधी. म्हणजे ट्रकभर लोखंडाला एक तास आणि कैरीच्या लोणच्याला दोन. “बरोबरच आहे,” काका म्हणतात. “लोखंडाने कोणाला अ‍ॅसिडिटी झालेली ऐकलं नाही.”

परतीच्या वाटेवर कॅनडाचा कारभार निराळा. यंत्रणा दुसरी, नंबर दुसरे, तास मात्र तोच. पण कॅनडाने ज्या सौजन्याने हा नियम आणला त्याची आठवण काका गहिवरून काढतात. मे २०१५ मध्ये सक्ती झाली. पहिले दोनेक महिने चुकणाऱ्याला नुसतं समजावून सांगितलं. जुलैपासून दंड लावला, पण शून्य डॉलरचा. शाळेच्या डायरीतल्या लाल शेऱ्यासारखा: मार नाही, पण घरी दाखवायला लाज वाटावी असा. ११ जानेवारी २०१६ पासून मात्र खरे पैसे घ्यायला सुरुवात केली, आणि दंड असा की दर चुकीगणिक वरच्या पायरीवर चढत जातो. तो अन्याय वाटला तर ९० दिवसांत फेरविचाराचा अर्ज करता येतो. शून्य डॉलरच्या दंडाविरुद्धही अर्ज करता आला असता का, या प्रश्नावर काका एका रविवारी मराठी मंडळाच्या सहलीत दोन तास बोलले होते. झाडाखाली बसलेली मंडळी हळूहळू नदीकडे सरकली.

कारण ऑफिसातले काका ऑफिसात राहत नाहीत, ही खरी अडचण. मॅनिफेस्टमध्ये मालाचं मोघम वर्णन चालत नाही. नुसतं ‘पार्ट्स’ चालत नाही, ‘जनरल कार्गो’ चालत नाही, ‘इलेक्ट्रॉनिक्स’ चालत नाही. कसले पार्ट्स, कशाचे, ते लिहावं लागतं. गणेशोत्सवाच्या पॉटलकची यादी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होती. एका वहिनींनी आपल्या नावापुढे लिहिलं: ‘गोड’. अर्ध्या मिनिटात काकांचा निरोप: ‘वर्णन अपुरे. शिरा की गुलाबजाम? गुलाबजाम असल्यास नग?’ दुसऱ्या एकाने ‘भाजी वगैरे’ लिहिलं होतं, त्याने घाबरून आपली नोंद मागे घेतली आणि पानं-वाट्या आणायचं कबूल केलं. त्या वर्षी पहिल्यांदाच मंडळात चार जणांनी बटाट्याची भाजी आणली नाही. हे श्रेय काकांना कोणी दिलं नाही.

मॅनिफेस्टमध्ये ड्रायव्हरबरोबर गाडीत जो कोणी बसला असेल त्याचंही नाव द्यावं लागतं. बायकोला नायगारा दाखवतो म्हणून शेजारी बसवून नेणाऱ्या ड्रायव्हराला काकांनी अलीकडच्या पेट्रोल पंपावर थांबवून आधी तिचा पासपोर्ट मागवला होता. पुढे काकांचा मुलगा वॉटर्लूहून सुट्टीला घरी आला तो एका मैत्रिणीला घेऊन, अगोदर काही न सांगता. काकू आनंदाने पोहे टाकायला धावल्या. काका दारात उभे. “मुलगी चांगली आहे,” ते नंतर मला म्हणाले. “माझा आक्षेप मुलीला नाही. सोबत प्रवासी आहे हे निघतानाच कळवायला हवं होतं. पोह्यांचा अंदाज चुकला की नाही?” पोहे खरोखरच कमी पडले. शेवटी उपाशी कोण राहिलं हेही सांगायला काका विसरले नाहीत.

या माणसाची खरी शोकांतिका त्याच्या यशात आहे. मॅनिफेस्ट बिनचूक गेलं तर काहीच घडत नाही. ट्रक नाक्यावर येतो, अधिकारी पासपोर्ट बघतो, दोन प्रश्न विचारतो, ट्रक जातो. कौतुक ड्रायव्हरचं, वेळेत पोचला म्हणून. कौतुक डिस्पॅचरचं, लोड मिळवला म्हणून. काकांनी पुसलेले अंगठे कोणाला दिसत नाहीत. एका ख्रिसमसच्या पार्टीत मालकाने प्रेमाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मनापासून विचारलं, “अंकलजी, इतने साल में एक भी पेनल्टी नहीं आयी. तो आप दिनभर करते क्या हो?”

काकांनी उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी रजेचा अर्ज दिला. पुतणीच्या लग्नासाठी, मुलुंडला, तीन आठवडे.

त्यांच्या खुर्चीत मालकाचा भाचा बसला. कॉलेजात शिकलेला, टायपिंग काकांच्या तिप्पट वेगाचं. काकांनी त्याला बावीस पानी टिपण दिलं होतं. त्याने ते जपून ठेवलं, कपाखाली. एका मंगळवारी त्याने मॅनिफेस्ट अगदी सुरेख भरलं: आठाला आठ, तिनाला तीन, रॅकसुद्धा मोजले. सेव्ह केलं. सेंड केलं नाही. डेट्रॉइटच्या खिडकीत अधिकाऱ्याने स्क्रीन बघितला, ड्रायव्हरकडे बघितलं, पुन्हा स्क्रीन बघितला. काही आठवड्यांनी नोटीस आली: ५,००० डॉलर.

तोवर काका परतले होते. मालकाने काचेच्या केबिनमध्ये बोलावून त्यांना बसायला खुर्ची दिली, जी आजवर फक्त बँकेच्या माणसाला मिळत असे. भाच्याची बदली टायरच्या गोदामात झाली. पगारवाढीचा आकडा काकांनी कोणाला सांगितला नाही, पण वॉशरूमशेजारची जागा सुटली आणि एसीचा झोत आता डिस्पॅचरच्या डोक्यावर येतो. नोटिशीची एक प्रत काकांनी लॅमिनेट करून गणपतीशेजारी उभी केली आहे. दंड कमी व्हावा म्हणून त्यांनी कस्टम्सला लिहिलेला विनंतीअर्ज नऊ पानांचा झाला. त्यातली चार पानं भाच्याच्या स्वभावावर आहेत.

मालकाला मात्र एक शंका सोडत नाही. परवा त्याने ती बोलून दाखवली. हा सगळा घोळ होणार हे अंकलजींना ठाऊक होतं, आणि तरी ते मुद्दाम रजेवर गेले, असं तर नाही?

काका मुळीच रागावले नाहीत. त्यांनी कपाटातून फाइल काढली, रजेच्या अर्जाची प्रत टेबलावर ठेवली आणि तारखेवर बोट ठेवलं. निघण्याच्या तीन महिने आधीची. खाली मालकाची सही. त्याखाली काकांच्याच अक्षरात, लाल पेनाने: ‘माझ्या गैरहजेरीत दंड येण्याची शक्यता आहे. कळावे.’

“आगाऊ कळवलं होतं,” काका म्हणाले.