आजोबांचा पट्टा

२००९ साली नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरला एक बिबट्या विहिरीत पडला. त्याला वर काढलं, गळ्यात जीपीएसचा पट्टा बांधला आणि आमच्या माळशेज घाटात सोडलं. हा पठ्ठ्या डोंगर, रेल्वेरूळ, खाडी ओलांडत थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला. नाव पडलं ‘आजोबा’. २०१४ साली त्याच्यावर सिनेमाही निघाला. आजोबांची संमती अर्थातच कुणी घेतली नाही. आपली मात्र फोनवर घेतात. तीस पानी अटी दाखवतात, आणि आपण पंगतीत घाई झालेल्या वाढप्यासारखे ‘सहमत आहे’ वाटत सुटतो.

तसं जुन्नर-आंबेगावात खाजगी फार काही उरत नाहीच. कुणाची कांद्याची पट्टी कितीची आली, कुणाच्या लेकीला बघायला कुठले पाहुणे आले, हे मंचरच्या टपरीवर चहा उकळायच्या आत समजतं. २०२३च्या जुलैत टोमॅटोने भाव खाल्ला, तेव्हा आपल्याकडच्या शेतकऱ्यांची कमाई नावानिशी पेपरात झळकली. त्यानंतर त्यांच्याकडे किती विसरलेले मेव्हणे उगवले असतील, देव जाणे! पण टपरीच्या व्यवहारात एक इमान होतं: माझं तुला ठाऊक, तर तुझंही मला ठाऊक. उखाळ्यापाखाळ्या दोन्ही बाजूंनी.

फोनशी हे जमत नाही. २०२१पासून ई-पीक पाहणीसाठी आपण बांधावर उभं राहून उसाचा फोटो काढतो, अक्षांश-रेखांशासकट. सातबारा तर कुणीही घरबसल्या बघतो. सरकारी कामाला ते लागणार, ठीक. पण परवा खताच्या किमती शोधल्या आणि संध्याकाळपासून ट्रॅक्टरच्या कर्जाच्या जाहिराती मागे लागल्या, त्यांचं काय? त्या कंपनीचा मालक कोण, त्याच्या डोक्यावर कर्ज किती, मला काहीच कळत नाही.

मग आपली ही माहिती नक्की कुणाच्या मालकीची? २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात ‘मालकी’ शब्द नाही. माहिती बघण्याचे, दुरुस्त करण्याचे, पुसून टाकायला लावण्याचे हक्क आहेत. संमतीचा मजकूर मराठीतून मागण्याची तरतूद आहे. आणि संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं हवं, असंही लिहिलंय. बिबट्यांच्या काही पट्ट्यांना ही सोय आधीपासूनच असते: ठरल्या मुदतीनंतर पट्टा आपोआप गळून पडतो. फोनमध्ये मात्र ‘सहमत आहे’ बोटाएवढं ठळक, आणि ‘माघार’ शोधायला नातवाला हाक मारावी लागते.