पंचविसातला का पंचाहत्तरातला?

सातारा-सांगलीकडे पहाटे डांबरी रस्त्यावरून जी पोरं जिवाच्या आकांताने धावताना दिसतात, त्यांच्या मागे कुत्रं लागलेलं नसतं, भरती लागलेली असते. १६०० मीटर साडेपाच मिनिटांत, दहा पुलअप्स, नऊ फुटी खड्डा. पूर्वी ग्राउंड निघालं की मेडिकल, मेडिकल निघालं की लेखी. हल्ली तर लेखी आधी. म्हणजे धाप लागण्याआधी डोकं लागतं.

पोरं फौजेत का जातात? व्याख्यानात उत्तर देशप्रेम, पारावर उत्तर पेन्शन. दोन्ही खरी आहेत. साताऱ्याजवळच्या अपशिंग्यातून पहिल्या महायुद्धात गेलेले ४६ जण परतले नाहीत, आणि गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ कायमचं चिकटलं. तिथल्या पोराला वर्दी अंगावर चढण्याआधीच वारशात मिळते. पण त्याच्या आईला विचारा, ती पंधरा वर्षांचा हिशोब सांगेल. पंधरा वर्षं काढली की जन्मभर पेन्शन, कँटीनचं कार्ड आणि सोयरिकीत वजन.

माणूस टिकवायचा हा जुना, खर्चिक मार्ग झाला. १४ जून २०२२ रोजी सरकारला स्वस्त मार्ग सापडला. चार वर्षं ‘अग्निवीर’ म्हणून ये, शंभरातल्या जास्तीत जास्त पंचविसांना ठेवू. मानवी मनाची याहून अचूक पारख मी पाहिलेली नाही. कारण शंभरच्या शंभर पोरांना वाटतं, आपण पंचविसातलेच! पेन्शन तिजोरीतून द्यावी लागते, आशा ज्याची त्याने घरून आणायची असते.

दहा जणांच्या सेक्शनमध्ये हा हिशोब अडीच माणसांवर येतो. अर्धा कोण, हे कळेपर्यंत दहाही जणांचे बूट आरशासारखे. अडचण एवढीच, की फौज चालते ती शेजारच्यावरच्या भरवशावर. ज्याने गोळीबारात आपल्याला ओढून आणायचं, त्यालाच मेरिटमध्ये मागे टाकायचं! या विषयावर कवायत अजून निघालेली नाही.

उरलेल्या पंचाहत्तरांना रिकाम्या हाताने पाठवत नाहीत, हेही सांगायला हवं. सुमारे ११ लाख ७१ हजारांचा सेवानिधी मिळतो. व्याज सोडलं तर त्यातला निम्मा त्याच्याच पगारातून दरमहा कापलेला असतो, पण स्वतःचेच पैसे एकरकमी हातात आले की बक्षिसासारखे वाटतात. (दिवाळी भिशी चालवणाऱ्या बायकांना हे शास्त्र पूर्वीपासून ठाऊक आहे.) शिवाय निमलष्करी दलांत राखीव जागा आहेत. आणि योजना जाहीर झाल्या झाल्या भाजपचे कैलास विजयवर्गीय म्हणालेच होते, की पक्षकार्यालयाच्या सुरक्षेसाठी आपण अग्निवीराला प्राधान्य देऊ. सीमेवरून थेट सतरंजीपर्यंत करिअरचा आलेख इतका स्पष्ट आखलेला दुसऱ्या कुठल्या खात्यात दिसतो?

या चार वर्षांत लग्नाला परवानगी नाही. सरकारचं कारण काही असो, गावाकडे त्याची गरजच नव्हती. तिथे सोयरीक आपोआप थांबली आहे.

“पोरगं फौजेत हाय, पाव्हणं. उंच, निर्व्यसनी.”

“ते दिसतंय फोटोत. पंचविसातलं का पंचाहत्तरातलं?”

“अजून ठरायचंय.”

“मग आमचंबी तसंच समजा.”