म्हाइंभटाला कार्ड लागलं नव्हतं

एम. ए.ला असताना सरांनी ‘लीळाचरित्रा’वर वीस पानांचा प्रकल्प दिला. “संदर्भ मूळ ग्रंथातूनच हवेत,” असा दमही दिला. मी खूश. १२७८च्या सुमारास हा ग्रंथ रिद्धपुरात लिहिला गेला, म्हणजे आमच्या अमरावती जिल्ह्यातच. घरचंच कार्य!

ग्रंथालयाच्या ड्रॉवरमध्ये कोलत्यांनी संपादलेल्या प्रतीचं कार्ड निघालं. वर ८९१.४६, ड्यूईसाहेबांनी मराठी साहित्याला नेमून दिलेला आकडा. ‘लीळाचरित्र’ जपणाऱ्या महानुभाव पंथाने आपल्या पोथ्या सकळ या सांकेतिक लिपीत दडवल्या, तरी इतिहासाचार्य राजवाड्यांनी त्या उलगडल्या. पण ८९१.४६च्या कप्प्यात बी. एड.ची दोन गाइडं आणि ‘कपाशीवरील बोंडअळी’ कशी आली, हे राजवाड्यांनाही उलगडलं नसतं.

“पुस्तक हाये न बावा,” शिपाईकाका म्हणाले, “पन जाग्यावर नाही.”

“मग कुठं आहे?”

“असंन कोनाजवळ तरी.”

बराच वेळ डोकं खाजवल्यावर त्यांना आठवलं, की एका मास्तरांनी नेलं होतं आणि त्यांची बदली अकोल्याला झाली. दुसऱ्या दिवशी बडनेऱ्याहून पॅसेंजर धरली. मूर्तिजापूरला गाडी एवढा वेळ थांबली की मी दोन चहा प्यालो. अकोल्यात भर उन्हात घर शोधलं, तर मास्तर म्हणतात, “थे तर म्या जवायाले देल्लं. मूर्तिजापूरले.”

परतीच्या गाडीत मला ‘लीळाचरित्र’ लिहिणारा म्हाइंभट आठवला. तोही असाच गावोगाव हिंडला, ज्यांच्या लीळा लिहायच्या त्या चक्रधरांना पाहिलेल्या माणसांना गाठून आठवणी विचारल्या, नागदेवाचार्यांकडून तपासून घेतल्या. ग्रंथालय नव्हतं म्हणून बिचाऱ्याला हिंडावं लागलं; मी ग्रंथालय असून हिंडत होतो. त्याची मूळ पोथी पुढे धामधुमीत हरवली, तेव्हा शिष्यांनी ती पाठांतरातून पुन्हा उभी केली. आमच्या शिपाईकाकांना मात्र ‘लीळाचरित्रा’च्या बाबतीत फक्त ते नेणाऱ्या मास्तरांचं नाव पाठ होतं, तेही अर्धं.

मूर्तिजापूरला जावयांच्या घरी पुस्तक खरंच होतं. ज्वारीच्या कोठीवर, वर्तमानपत्राचं कव्हर घालून, अगदी जपून ठेवलेलं. मागच्या कागदावर परतीची तारीख होती. तिला सात वर्षं झाली होती. मी हात पुढे केला, तसं त्यांनी पुस्तक मागे घेतलं आणि शंभरपानी वही काढली.

“नाव, गाव अन् सही करा आधी,” जावई म्हणाले. “आठ दिवसांत वापस पायजे. लोकं पुस्तकं नेतात अन् आनूनच देत नाहीत, भाऊ.”