यवरसाचार्य

मद्यपानाने मनुष्य रसातळाला जातो, हा सिद्धान्त कीर्तनकारांनी, शाळामास्तरांनी आणि सर्वांहून अधिक राम गणेश गडकऱ्यांनी महाराष्ट्राच्या मनावर इतका खोल कोरून ठेवला आहे की, एखादा सुस्थित, सुविद्य, गृहकर्जाचे हप्ते नियमित भरणारा गृहस्थ बिअर पिऊ लागला आहे अशी वार्ता कानी येताच त्याचे आप्तेष्ट ‘एकच प्याला’तल्या सुधाकराचा क्रम मनाशी लावून पुढील अंकाची प्रतीक्षा करू लागतात. परंतु अलीकडे पुण्यात एक असा प्राणी उत्पन्न झाला आहे की, त्याच्यापुढे हा सिद्धान्त हतबल होतो. हा प्राणी बिअर पितो आणि त्यायोगे सुधारतो. वक्तशीरपणा, मितपान, पाठांतर, हिशेब, टापटीप असे जे जे सद्गुण त्याच्या वडिलांना छडीच्या साहाय्यानेही त्याच्या ठायी रुजवता आले नाहीत, ते सर्व यवाच्या या आंबवलेल्या रसाने त्याच्या अंगी आणले आहेत. आणि त्याचा सहवास दुःसह होण्याचे कारणही नेमके हेच आहे. आमच्या सोसायटीत या जातीचा एक उत्तम नमुना राहतो. त्यांचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. आम्ही त्यांना आचार्य म्हणतो, आणि ते नाव त्यांनी विनातक्रार स्वीकारले आहे.

या जातीचा उगम फार प्राचीन नाही. बिअर म्हणजे एक पिवळी, फेसाळ, कडवट वस्तू असून तिचे माइल्ड आणि स्ट्राँग असे दोनच वर्ण आहेत, व शहाण्याने त्याच पैशांत स्ट्राँगच घ्यावी, एवढ्या तत्त्वज्ञानावर इथल्या परमिट रूममध्ये पिढ्यान्‌पिढ्या गुण्यागोविंदाने नांदत होत्या. पुढे २००९ साली पुण्यात डूलाली ही राज्यातली पहिली मायक्रोब्रूअरी निघाली, आणि जिथे प्यायची तिथेच, ग्राहकाच्या डोळ्यांदेखत, टाक्यांत मुरणारी बिअर लोक चवीने पिऊ लागले. तिच्यामागून मुंढवा, कोरेगाव पार्क, बाणेर अशा ठिकाणी इतरही निघाल्या. आणि एके सायंकाळी ऑफिसातल्या कुणाच्या तरी निरोपसमारंभात आचार्यांपुढे हेफेवायझन या गव्हाच्या बिअरचा एक उंच, गढूळ पेला येऊन ठेपला. त्यांनी घोट घेतला, ते थबकले, आणि यात केळे कोणी घातले अशी त्यांनी पृच्छा केली. केळे कोणीच घातले नव्हते. या बिअरचे यीस्ट आंबवण्याच्या ओघात आयसोअमाइल अॅसिटेट नामक द्रव्य निर्माण करते, पिकल्या केळ्याच्या वासातही तेच द्रव्य असते, आणि पाठोपाठ येणारा लवंगेचा गंध हीही त्याच यीस्टची करामत, ही हकीकत वेटरने सांगितली नाही, कारण ती त्यास ठाऊक नव्हती. आचार्यांनी ती घरी जाऊन, रात्री दोन वाजेपर्यंत जागून, स्वतः शोधून काढली. ज्या घटकेस इतर मद्यपी दुसरा पेला मागवतात, त्या घटकेस हे गृहस्थ अभ्यासाला बसले होते, एवढ्यावरून त्यांच्या भवितव्याची कल्पना आम्हांस यावयास हवी होती.

कायद्याविषयीचा त्यांचा आदर तर कोणाही सरकारी वकिलाने आदर्श मानावा असा आहे. १९४९ च्या दारूबंदी अधिनियमान्वये या राज्यात मद्य प्राशन करणाऱ्याजवळ परवाना असला पाहिजे, ही गोष्ट बहुसंख्य नागरिकांस ज्ञात नसते, आणि ज्यांस ज्ञात असते ते पहिल्या घोटाबरोबर ती विसरतात. आचार्यांनी रीतसर अर्ज केला, छायाचित्रे डकवली, वयाचा दाखला जोडला, हजार रुपयांचे शुल्क भरले आणि आजन्म परवाना हस्तगत केला. धारकास आपल्या प्रकृतीच्या रक्षणार्थ मद्याची आवश्यकता आहे, अशा आशयाचा सरकारी मजकूर त्या कागदावर आहे; तो त्यांनी प्रथम पत्नीस, मग सासऱ्यांस आणि अखेर साखर तपासणाऱ्या डॉक्टरांस वाचून दाखवला. परवाना लॅमिनेट करून ते सदैव खिशात बाळगतात. इतक्या वर्षांत एकाही अंमलदाराने तो पाहावयास मागितलेला नाही, ही त्यांच्या आयुष्यातली एक ठसठसणारी खंत आहे. एका रात्री नाकाबंदीत हवालदाराने त्यांची गाडी अडवली (गाडी अर्थातच पत्नी चालवत होती, कारण पेल्याला स्पर्श केल्यावर हे स्टिअरिंगला स्पर्श करीत नाहीत), तेव्हा मोठ्या आशेने खिडकीची काच खाली करून त्यांनी परवाना पुढे केला. हवालदाराने तो उलटसुलट न्याहाळला, परत दिला, आणि पीयूसी मागितली. तिची मुदत संपली होती.

प्रत्यक्ष प्राशनाचा विधी पाहण्यासारखा असतो, फक्त पाहणाऱ्यास स्वतःला तहान लागलेली नसावी. लाकडी फळीवर मांडलेले सहा चिमुकले पेले, ज्याला तिथले लोक सॅम्पलर म्हणतात, त्यांच्यापुढे येतात. गडकऱ्यांचा सुधाकर एका प्याल्याने बुडाला. यांच्यापुढे एकसमयावच्छेदेकरून सहा प्याले असतात, आणि ते सर्व मिळून जेमतेम एका मोठ्या पेल्याइतके भरतात. फिक्याकडून गडदाकडे, सौम्याकडून कडव्याकडे असा त्यांचा अनुक्रम ठरलेला असून तो चुकवल्यास जीभ भ्रष्ट होते. प्रथम दर्शन, मग हलके हिंदोळणे, मग नाक, मग दीर्घ मौन, मग दुसऱ्यांदा नाक. अति थंडीने जीभ बधिर होते हे शास्त्रशुद्ध सत्य असल्यामुळे, बर्फाळलेल्या पेल्यात बिअर आणणाऱ्या वेटरकडे ते कीव आल्यासारखे पाहतात, आणि तो पेला दोन्ही तळहातांत धरून, डोळे मिटून, दहा मिनिटे ऊब देत बसतात. एव्हाना आमचा पेला रिकामा झालेला असतो. दोन घोटांच्या मध्ये पाणी. शेंगदाणे नाहीत, मसाला पापड नाही, कारण कांदा नाकाचा शत्रू आहे. आणि शेजारच्या मेजावर कोणी अत्तर लावून आलेला असला तर आमचे मेज बदलते.

घरी तर याहून कडक शिस्त. बोहल्यावरून उतरल्यापासून ज्या गृहस्थाने स्वतःच्या चहाचा कपही कधी विसळला नव्हता, तो आज बिअरचे पेले स्वहस्ते, कोमट पाण्याने, साबणाचा लवलेशही न ठेवता धुतो, कारण तेलकटपणाचा अंश राहिला तर फेस बसतो. पेल्यांच्या आकारांचे प्रकार इतके वाढले आहेत की देवघराखालचे कपाट त्यांनी व्यापले, आणि तिथली उदबत्तीची पुडकी, सुगंधाने पेले दूषित होतात या कारणास्तव, हद्दपार झाली. “अहो, लग्नातला सहा ग्लासांचा संच माळ्यावर पडलाय, तो चालत नाही का?” असे त्यांच्या पत्नीने एकदाच विचारले होते. त्यांनी “अगं,” एवढेच म्हणून जो निःश्वास सोडला, त्यानंतर तो प्रश्न पुन्हा निघाला नाही. ती माउली सुधाकराच्या सिंधूसारखी दळणे दळून संसार करीत नाही. ती एका बँकेत अधिकारी आहे, आणि नवऱ्याने रात्री पिऊन तमाशा केला असता तर चार शब्द सुनावता तरी आले असते, हे तिचे दुःख तिने आमच्या घरी बोलून दाखवले आहे.

अभ्यासाचा पसारा अफाट आहे. बव्हेरियाच्या राजवटीने बिअर केवळ जव, हॉप्स आणि पाणी यांचीच करावी असे फर्मान २३ एप्रिल १५१६ रोजी काढले, म्हणून तो दिवस ते पाळतात. मात्र ज्या हेफेवायझनने त्यांना दीक्षा दिली ती गव्हाची, म्हणजे फर्मानाबाहेरची, आणि तिचा मक्ता पुढे त्याच राजघराण्याने स्वतःकडे राखून बक्कळ पैसा केला, या विसंगतीने त्यांना दर एप्रिलमध्ये बेचैन केले आहे. “मायकेल जॅक्सन म्हणतात” असे ते वारंवार म्हणतात, आणि नवखा श्रोता नृत्याच्या अपेक्षेने सावरून बसतो. हे जॅक्सन म्हणजे १९७७ साली जगातल्या बिअरांची प्रकारवारी लावणारे दाढीवाले इंग्रज ग्रंथकार होत. आर्थर गिनेसने १७५९ साली डब्लिनची आपली जागा सालिना ४५ पौंडांवर ९,००० वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतली, हे त्यांनी सदाशिव पेठेतल्या एका जुन्या भाडेकरूस मोठ्या कौतुकाने सांगितले तेव्हा, मुदत जरा आखूड वाटते, असा अभिप्राय त्या अनुभवी गृहस्थाने दिला.

ज्ञान स्वतःपुरते ठेवण्याचा दोष मात्र त्यांच्यात नाही. शेजारच्या मेजावरचा एखादा तरुण आपल्या मैत्रिणीला, इंडिया पेल एल ही हिंदुस्थानातल्या गोऱ्या सोल्जरांसाठी मुद्दाम शोधून काढलेली बिअर, असे रंगात येऊन सांगत असला की आचार्यांच्या हातातला पेला खाली येतो, खुर्ची सरकते, आणि ते त्या मेजाशी जाऊन उभे राहतात. फिकी बिअर आधीपासूनच होत होती, लंडनच्या बो भागातल्या हॉजसनने ती शोधली नाही तर कंपनीच्या जहाजांवरून उधारीवर पाठवली, आणि साधा सोल्जर मुख्यत्वे काळी पोर्टर पीत असे, फिकी होती साहेबांसाठी. हे सर्व ते सनावळीसह, अत्यंत मृदू आवाजात सांगतात. दारुड्याने येऊन त्रास दिला असता तर त्या तरुणाने मॅनेजरला हाक मारली असती. शुद्धीवर असलेल्या, नम्र, कमावत्या आणि बरोबर असलेल्या मनुष्याविरुद्ध तक्रार कोणत्या दफ्तरात नोंदवावी, हे त्याला कळत नाही.

गटारीच्या अमावास्येला अवघा गाव झिंगतो तेव्हा हे घरी बसून दूध पितात. गर्दीत जीभ काम करीत नाही असे त्यांचे म्हणणे. श्रावण पाळतात, परंतु बाटली उघडून वास घेण्यास शास्त्राची आडकाठी नाही असे त्यांनी स्वतःच ठरवून घेतले आहे. प्रत्येक बिअरची नोंद एका बांधीव वहीत होते: तारीख, ठिकाण, रंग, फेस, गंध, कडवटपणा, शेरा. वही पाहिली म्हणजे बिअर पिणे हा मूळ हेतू नसून शेऱ्याचा रकाना भरणे हा आहे, आणि पिणे ही त्यातली एक अटळ कटकट आहे, अशी माझी खात्री पटत चालली आहे.

या वहीत अलीकडे एक रकाना वाढला आहे. त्याचे शीर्षक ‘आत्या’ असे आहे. रत्नागिरीहून त्यांची वयोवृद्ध आत्या राहावयास आली असता आचार्य लाइपझिगकडच्या गोझे जातीची, मीठ आणि धने घालून आंबट केलेली बिअर घेऊन बसले होते, आणि पंधरा मिनिटे हुंगूनही त्यांना तिचा उलगडा होत नव्हता. आत्याने दुरूनच नाक ओढले. “धने जुने आहेत रे,” ती म्हणाली, “आणि ताक उतरलंय.” आयुष्यात मद्याचा थेंब न घेतलेल्या, परंतु सोलकढी, आंबोशी, ताक आणि लोणची यांच्या बरण्यांवर साठ पावसाळे पहारा केलेल्या त्या नाकापुढे आचार्य तत्काळ नतमस्तक झाले. आता प्रत्येक बाटली प्रथम आत्यापुढे जाते. ती पीत नाही. हुंगते, आणि निकाल देते. त्यावर अपील नाही.

गेल्या दिवाळीत बेल्जियमहून कोणी परिचिताने त्यांना लँबिक आणून दिली. ब्रुसेल्सच्या आसपास ही बिअर यीस्ट न घालता, हवेतल्या जंतूंच्या भरवशावर आंबवतात आणि वर्षानुवर्षे लाकडी पिंपांत मुरवतात. तिच्या वासाला जाणकार घोड्याच्या घोंगडीची उपमा देतात, आणि ती निंदा नसून स्तुती असते. आचार्यांनी हे सर्व आत्याला समजावून सांगितले, बूच काढले, आणि बाटली दोन्ही हातांनी तिच्या नाकापाशी धरली. आत्याने बराच वेळ विचार केला.

“माहेरी आमचा टांगा होता,” ती म्हणाली. “घोंगडीला असा वास येत नाही. हे ओतून टाक. बाटली मात्र धुऊन ठेव हो, बूच चांगलं आहे. एरंडेलाला होईल.”