पिल्लाच्या खाऊबाबत सर्वसाधारण सूचना (फक्त बल्लारपूर व परिसराकरिता)

बल्लारपुरात कुत्रं पाळायचं ठरवलेल्या माणसानं आधी इतिहास वाचावा. खांडक्या बल्लाळशाह या गोंड राजाची गोष्ट इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. राजा शिकारीला निघाला, झुडपातून ससा निघाला, आणि राजाचा कुत्रा सशामागे लागायच्या ऐवजी ससाच कुत्र्यामागे लागला. कपाळावर पांढरा ठिपका असलेल्या त्या सशानं कुत्र्याला गोल गोल पळवलं. बऱ्याच वेळानं आपण नेमके कोण आहोत हे कुत्र्याला आठवलं आणि त्यानं सशाला धरलं. राजानं घरी येऊन हे राणीला सांगितलं. राणी म्हणाली, जागा गुणाची आहे, ज्या वाटेनं ते पळाले त्याच वाटेवर कोट बांधा. तोच चंद्रपूरचा कोट, आणि बल्लारपूरची राजधानीही तिकडेच हलली, असं आख्यायिका सांगते.

इतरत्र कुत्र्यानं इज्जत घालवली की मालक मान खाली घालून घरी जातो. आपल्याकडे त्यावर चार वेशींचं शहर उभं राहिलं. त्या दिवशी राजाच्या कमरेला खाऊची पिशवी होती की नव्हती, याबद्दल मात्र आख्यायिका गप्प आहे. आमच्या मते नव्हती. ती उणीव राजधानी न हलवता भरून निघावी, एवढाच या सूचनांचा हेतू.

मूळ तत्त्व कागद कारखान्यात किंवा खाणीत नोकरी केलेल्या कुणालाही एका वाक्यात कळेल: दोन वेळचं जेवण हा पगार, खाऊ हा ओव्हरटाईम. पगार हक्काचा. तो रोखून धरून पिल्लाकडून ‘शेकहँड’ उकळणं ही शुद्ध मालकशाही झाली, आणि १९४५ पासून कारखाना पाहिलेल्या गावाला ती शोभत नाही. ओव्हरटाईमला मात्र मोजमाप असतं. दिवसभराच्या आहारात खाऊचा वाटा दहा टक्क्यांवर जाऊ नये, असं पशुवैद्य सांगतात. जेवढा खाऊ गेला तेवढं ताटलीतून कमी करावं. एका वेळचा तुकडा हरभऱ्याच्या दाण्याएवढा. “एवढुशानं त्याचं काय होते?” हा प्रश्न घरात प्रत्येक जण एकदा तरी विचारेल. पिल्लू तुकडे मोजतं, वजन करत नाही, हे उत्तर तोंडपाठ ठेवा.

यानंतर वेळेचा प्रश्न. पिल्लू बसलं की सेकंदाभरात तुकडा तोंडात गेला पाहिजे. प्रत्यक्षात असं होतं: पिल्लू बसतं. तुम्ही खिशात हात घालता. खिशात गाडीची किल्ली, आधार कार्डाची झेरॉक्स, विजेच्या बिलाची पावती आणि खर्र्याची पन्नी निघते. तुकडा सर्वांत खाली, रुमालाच्या घडीत. तो सापडेपर्यंत पिल्लू उठलेलं असतं, चपलेला एक फेरी मारून तुमच्याकडे बघून भुंकलेलं असतं, आणि नेमक्या त्या क्षणी तुम्ही विजयी मुद्रेनं तुकडा पुढे करता. पिल्लाच्या दप्तरी नोंद होते: भुंकलं की मिळतं. पुढे वर्षभर तुम्ही लोकांना सांगत फिरता की आमचं कुत्रं फार भुंकतं, जातच तशी. तेव्हा तुकडे आधी मुठीत घ्यावे आणि मग तोंड उघडावं. खर्रा घोटलेल्या हातानं तर खाऊ देऊच नये. तंबाखू कुत्र्याला विष आहे. माणसाला काय आहे, हा या सूचनांचा विषय नाही.

आता निवड. इथं आपल्या जिभेचं मत विचारात घेऊ नये, कुत्र्याचा सगळा कारभार नाकावर चालतो. बल्लारपुरात हा मुद्दा अंमळ नाजूक आहे, कारण वारा फिरला की कारखान्याचा गंधकी वास गावभर पसरतो. पुण्यातलं कुत्रं खारीच्या वासानं भारावून जात असेल. इथं खाऊला कारखान्याशी टक्कर घ्यायची असते.

ग्लुकोज बिस्कीट टिकतं, परवडतं, सगळीकडे मिळतं, आणि म्हणूनच त्याची किंमत गेली आहे. चहाच्या प्रत्येक टपरीवर कुणी ना कुणी कुत्र्याला बिस्कीट टाकतच असतं. जे रस्त्यावर फुकट मिळतं त्यासाठी पिल्लानं तुमच्यापुढे बूड का टेकावं? शिवाय त्यात मैदा आणि साखर. घरातल्या घरात, पंखा सुरू असताना, दुसरं काही करण्यासारखं नसताना बिस्कीट चालतं. फाटकाबाहेर त्याला कुणी विचारत नाही.

फुटाणे हा गरिबाचा उत्तम पर्याय, उन्हात खराब होत नाहीत. अख्खा फुटाणा लहान पिल्लाच्या घशात अडकू शकतो, म्हणून डाळवं घ्यावं. निसर्गानं आधीच दोन तुकडे करून ठेवले आहेत. मूठभर मात्र देऊ नये. दिल्यास त्या रात्री पिल्लू कुणाच्या खोलीत झोपणार, हे आधी ठरवून घ्यावं.

उकडलेली कोंबडी म्हणजे सोनं. मीठ, हळद, तिखट काही नको, हाडं तर नकोच. शिजलेलं हाड फुटून टोकदार होतं. रविवारी घरात सावजी मटण शिजतं तेव्हा रश्श्यातला एक तुकडा पाण्यानं धुऊन देण्याची सूचना हमखास येते. धुतल्यानं तिखट जाईल, कांदा-लसूण आत मुरलेलाच राहतो, आणि कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. तर्री-पोह्यांनाही त्याच कारणानं मनाई. पोह्यांच्या गाडीजवळ झोपणारी मंडळी वर्षानुवर्षं खातात आणि टुणटुणीत दिसतात, असा युक्तिवाद होईल. त्यांच्यातली जी टुणटुणीत नव्हती ती आता दिसत नाहीत, एवढंच.

आणि आता सुकट. वासाच्या परीक्षेत कोंबडीला मागे टाकणारा जिन्नस गावात हाच. आठवडी बाजारात सुकटीच्या ढिगाजवळून पिल्लाला नेऊन पाहा: चारही पाय जमिनीत रुतवून ते नाक वर करतं, नाकपुड्या हलतात, शेपूट थांबते, आणि तुम्ही त्याचे कुणीही लागत नाही. हीच एकाग्रता आपल्याला हवी आहे. सुकट खारट असते, म्हणून दोन-तीन पाण्यांतून भिजवून काढावी, मंद तव्यावर कोरडी करावी आणि चिमटी-चिमटी द्यावी. अडचण पिल्लाची नाही, मालकाची आहे. खिशातली सुकट एकदा सदऱ्यात शिरली की तीन धुण्यांत निघत नाही. बल्लारपूर-चंद्रपूर काळीपिवळीत तुमच्या दोन्ही बाजूंना जागा होते. एरवी ती गाडी टपावर बसवते. बँकेत रांग आपोआप पुढे सरकते. मुलगी बघायला जाताना दुसरा सदरा घालावा. आम्ही कमरेला झाकणाची प्लॅस्टिकची डबी बांधण्याची शिफारस करतो. बेल्टला डबी लावून फिरणाऱ्या माणसाला गाव हसतं, हे खरं. सुकटीचा वास येणाऱ्याला हसण्याइतकं कुणी जवळ येत नाही.

उन्हाळ्याचं वेळापत्रक वेगळं. मे महिन्यात पारा ४६-४७ वर जातो तेव्हा पनीर खिशात आंबतं आणि कोंबडी तासाभरात संशयास्पद होते. शिकवणी पहाटे उरकावी. डांबरी रस्त्यावर आपला तळहात टेकवून पाहावा. आपल्याला सोसवत नसेल तर पिल्लाच्या पायालाही सोसवत नाही. या दिवसांत काकडीचे तुकडे, नाहीतर बिया काढलेलं टरबूज. द्राक्षं, मनुका, चॉकलेट मात्र कधीच नको. प्रसादातल्या शिऱ्यातले मनुकेसुद्धा नकोत, देवाला राग येणार नाही. त्याच सुमारास अंगणात मोहफुलं वाळत पडलेली असतात. पिल्लू त्यात तोंड घालतं, आणि फुलं आंबली असतील तर पुढचा प्रवास तिरपा होतो. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ ते २०२१ दारूबंदी होती, ती उठली. गडचिरोलीत १९९३ पासून आहे, ती आहे. पिल्लांच्या बाबतीत ती दोन्ही जिल्ह्यांत कायम लागू समजावी.

दात येण्याच्या काळात खाऊचा उपयोग अदलाबदलीसाठी होतो. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ साली इथल्याच डेपोतून वाजतगाजत सागवान गेलं. त्याच सागवानाच्या तुमच्या चौकटीचा खालचा कोपरा पिल्लू मन लावून सोलत असेल, तर त्याची निवड चुकलेली नाही, दर्जा त्याला कळतो. ओरडून ओढू नये. गार गाजर पुढे करावं, त्यानं लाकूड सोडलं की शाबासकी आणि गाजर दोन्ही द्यावं. गाजरासाठी ते मुद्दाम पुन्हा चौकटीकडे जाऊ लागलं तर गाजर आधीच द्यावं आणि चौकटीला पत्रा ठोकावा.

परीक्षेचं अवघड केंद्र म्हणजे रेल्वे स्टेशन. गावाचं नाव बल्लारपूर, स्टेशनचं बल्लारशाह, आणि दिल्ली-चेन्नई मार्गावरच्या गाड्या इथं थांबतात. इथल्या फलाटावरच्या कुत्र्यांना उत्तरेकडून पुरी-भाजी येते, दक्षिणेकडून दहीभात. अशा ठिकाणी तुमचं पिल्लू डाळव्यासाठी बसेल ही अपेक्षा ठेवणं म्हणजे पंगतीला जाऊन डबा उघडणं. तिथं उकडलेली कोंबडीच न्यावी, किंवा त्याला नेऊच नये. खाऊचा दर आपण ठरवत नाही, समोरचा बाजार ठरवतो.

हे सगळं हसण्यावारी नेलं तरी एक आज्ञा बाजूला ठेवावी लागते: ‘ये’. बाकी जिल्ह्यांत कुत्रं हाकेला आलं नाही तर मालकाचा अपमान होतो. आपल्याकडे खाणींच्या भोवतालच्या बाभळींत बिबट्या असतो, चंद्रपूरजवळच्या दुर्गापूरच्या लोकांना ते सांगावं लागत नाही, आणि कुत्रं हे बिबट्याच्या आवडीचं खाणं आहे. अंधार पडल्यावर पिल्लू मागच्या झुडपाकडे कान टवकारून निघालं, तर त्याला परत फिरवायला तुमच्याकडे एक शब्द असतो. तो शब्द बिस्किटावर खर्चू नये. ज्या खाऊवर पिल्लाचा जीव सर्वांत जास्त, कोंबडी असो की सुकट, तो फक्त ‘ये’साठी राखावा, दुसऱ्या कशालाही देऊ नये. आल्यावर दर वेळी द्यावा, एकाऐवजी तीन तुकडे द्यावे, आणि “इतका वेळ कुठं होता?” म्हणून रागावू नये. ‘ये’ म्हणून बोलावून आंघोळ घालणाऱ्यानं पुढच्या वेळी आपणच धावायची तयारी ठेवावी. संध्याकाळनंतर दोरीही असू द्यावी. कोंबडी कितीही चांगली उकडली तरी दोरीची गाठ तिच्याहून भरवशाची.

बाकी आज्ञांना मात्र शिकल्यानंतर दर वेळी खाऊ देऊ नये. कधी द्यावा, कधी नुसती पाठ थोपटावी. कधी मिळेल याचा अंदाज लागेनासा झाला की पिल्लू जास्त मन लावून काम करतं. लॉटरीची तिकिटं याच तत्त्वावर खपतात.

राहता राहिली आजी. वरील सर्व नियोजन ज्या एका ठिकाणी कोसळतं ते स्वयंपाकघराचं दार. नातू अंगणात घाम गाळून ‘सिट, सिट’ करत असतो आणि पिल्लू दाराच्या उंबऱ्यावर, काहीही न करता, भाकरीचा तुकडा खात असतं.

“आजी, त्याले देऊ नको ना, तो शिकून राह्यला.”

“त मंग? शिकणाऱ्याले भूक लागत नाही का? जीव हाये तो बी.”

या युक्तिवादाला उत्तर नाही. शोधण्यात वेळ घालवू नये. उपाय एकच: खाऊची डबी आजीच्याच हाती द्यावी आणि सांगावं, दे, पण बसल्यावर दे. यातही एक धोका आहे, तो आमच्या ओळखीच्या एका निवृत्त फोरमनच्या घरी दिसला. त्यांच्या आईनं पिल्लाला उत्तम शिकवलं. हातात तुकडा घेऊन ती गयावया केल्यासारखी म्हणायची, “बस ना बापा”, आणि पिल्लू खाडकन बसायचं. आता ते मोठं झालं आहे, ‘सिट’ला ढुंकून बघत नाही, ‘बस’लाही नाही. ज्यांच्या एका आवाजावर अख्खी शिफ्ट सरळ व्हायची ते फोरमन रोज सकाळी चहाच्या टपरीसमोर, जुन्या हाताखालच्या माणसांदेखत, कमरेत वाकून कुत्र्याला म्हणत असतात, “बस ना बापा.”